जुना संगणक आणि घरची दिनवही

शालेय वर्षाच्या आरंभी पालकांपुढे एक प्रश्न हटकून उभा राहतो : मुलांस नवा संगणक घेऊन द्यावा काय? घरातील यंत्रास पाच-सहा वर्षे झाली की ते निरुपयोगी ठरते, आणि दिवसाची कामे लक्षात ठेवण्यासही मोबाईल हवाच, असा समज रूढ होत चालला आहे. आमच्या मते हा समज तपासून पाहावयास हवा. कारण त्यापायी पालकांचा पैसा व विद्यार्थ्यांचे चित्त ही दोन्ही खर्ची पडतात.

प्रथम दिनवहीचा विचार करू. एकोणिसाव्या शतकात नाशिकच्या शरणपूर येथे गुलामगिरीतून सोडविलेली आफ्रिकी मुले शिकत असत. जेकब वेनराइट हा त्यांपैकीच एक. 1873 च्या मे महिन्यात डॉ. डेव्हिड लिव्हिंगस्टन यांचा मध्य आफ्रिकेत अंत झाला, तेव्हा त्यांच्या सामानाची यादी जेकबने केली. आणि त्यांचा देह समुद्रकिनाऱ्यापर्यंत वाहून नेला त्या खडतर प्रवासाची रोजनिशीही लिहिली. ती आजही जतन केलेली आहे. खुद्द लिव्हिंगस्टन यांचे उदाहरण तर याहून बोलके. 1871 साली जवळचा कागद संपला, तेव्हा त्यांनी जुन्या वर्तमानपत्राच्या छापील मजकुरावरच आडवे लिहिले. शाईही तेथल्याच वनस्पतीची केली. पुढे ती अक्षरे फिकी पडली. अखेर निरनिराळ्या रंगांच्या प्रकाशात छायाचित्रे घेऊन, संगणकाच्या साहाय्याने ती वाचावी लागली व 2011 साली प्रसिद्ध झाली. लिहिणाऱ्याचे काम हाती येईल त्या कागदावर भागते, हे यावरून दिसते. आणि कागद व संगणक हे परस्परांचे वैरी नव्हेत, हेही.

वार्षिक परीक्षेनंतर प्रत्येक वहीत काही पाने कोरी उरतात. ती काढून, दुमडून, मधोमध दोऱ्याने शिवली की दिनवही तयार झाली. डाव्या पानावर आठवड्याचे वार, उजव्या पानावर करावयाची कामे, एवढी आखणी पुरे. राहिलेले काम पुढच्या पानावर हातानेच उतरून काढावे. जे तीनदा उतरावे लागते, ते काम करावयाचे आहे की सोडावयाचे, याचा निर्णय मग आपोआपच घ्यावा लागतो. मोबाईल कामाची आठवण देतो खरा, पण तीबरोबर दहा करमणुकीही पुढे करतो; वहीस ती खोड नाही.

आता संगणक. 1984 साली भारत सरकारने ‘क्लास’ नावाचा उपक्रम आरंभून सुमारे 250 शाळांत बी. बी. सी. मायक्रो हे संगणक देण्याचे योजिले. त्यांची स्मृती अवघी 32 किलोबाइट. आज मोबाईलने काढलेले एक छायाचित्रही तीत मावणार नाही. तरी तेवढ्या यंत्रावर बेसिक भाषेत आज्ञावली लिहिता येत असे. मग निबंध टंकित करणे, घरखर्चाचा हिशेब मांडणे, गणिताचे कोष्टक करणे, या कामांस दहा वर्षांपूर्वीचा संगणक अपुरा कसा म्हणावा?

येथे एक आक्षेप येईल, व तो रास्त आहे. जुन्या यंत्रावरील प्रणालीस सुरक्षेची नवी दुरुस्ती मिळेनाशी होते. विंडोज 10 चा नियमित आधार 14 ऑक्टोबर 2025 रोजी संपला. दुरुस्ती न मिळणाऱ्या यंत्रावरून बँकेचे व्यवहार करणे शहाणपणाचे नव्हे. परंतु यास उपाय आहेत. लिनक्ससारखी विनामूल्य प्रणाली पुष्कळ जुन्या यंत्रांवर चालते. अथवा ते यंत्र इंटरनेटपासून तोडून केवळ लेखनासाठी ठेवता येते. विद्यार्थ्यास तर हा दुसरा उपाय लाभाचाच ठरावा. आणि यंत्र खरोखरच मोडले, तर ते कोठेही फेकू नये. जुन्या यंत्रांत शिसे व अन्य विषारी द्रव्ये असतात. म्हणून ते अधिकृत ई-कचरा केंद्राकडेच द्यावे.

नवे घेऊच नये, असे आमचे म्हणणे नाही. ज्यास चित्रपटाची जुळणी वा इमारतींचे आराखडे शिकावयाचे आहेत, त्यास समर्थ यंत्र लागेलच. परंतु पालकहो, पैसे मोजण्यापूर्वी मुलास एवढे विचारावे : ‘जुन्या यंत्रावर तुझे कोणते काम अडले?’ आणि विद्यार्थिमित्रहो, त्याचे उत्तर तोंडी न देता घरच्या वहीत आठवडाभर लिहून काढावे. पान भरले, तर मागणी रास्त आहे. कोरे राहिले, तर ते पुढील आठवड्याच्या कामांस उपयोगी पडेल.