मोटारीच्या पाण्यांतील हवा आणि मालकाची घाई

विहिरीवरील पंपानें हवा धरली म्हणजे पाणी वर येत नाहीं, ही गोष्ट शेतकऱ्याच्या घरांतील शाळकरी मुलासही सांगावी लागत नाहीं. उंचवट्यावरून पाइपलाइन नेतांना हवेचा व्हॉल्व्ह बसविला जातो. ट्रॅक्टरचें डिझेल संपून गेलें तर हवा काढल्यावांचून इंजिन धड चालत नाहीं, हेंही सर्वांस ठाऊक आहे. असें असून त्याच शेतकऱ्याच्या दारांतील मोटारीच्या अथवा पिकअपच्या रेडिएटरचें पाणी बदललें, नळी बदलली किंवा पाण्याचा पंप नवा बसविला, म्हणजे तोंडापर्यंत पाणी भरून झांकण लावलें कीं काम संपलें, असें मालक व मिस्त्री उभयतां समजतात. ही समजूत चुकीची असून ती फार महाग पडते, असें आमचें स्पष्ट मत आहे.

या उपेक्षेचें कारण उघड आहे. विहिरीवरील पंप हवा धरतांच पाणी देईनासा होतो. मोटार मात्र पाण्यांत हवा असतांही चालूं लागते. गांवापासून तालुक्यापर्यंत ती बिनतक्रार जाते, आणि माल भरून घाट चढूं लागली म्हणजे मग तिचें दुखणें बाहेर पडतें.

इंजिनाचा पाण्याचा पंप हा विहिरीवरील पंपाच्याच जातीचा आहे. त्यास पाणी फेकतां येतें, हवा फेकतां येत नाहीं. रिकाम्या इंजिनांत वरून पाणी ओतलें म्हणजे आंतील हवा हेडच्या उंच भागांत, थर्मोस्टॅटच्या मागें किंवा हीटरच्या जाळींत दडून बसते. थर्मोस्टॅट थंडपणीं बंद असतो व साधारणतः ८० ते ९० अंश सेल्सिअसच्या दरम्यान उघडूं लागतो. तोंवर त्या हवेस वाट मिळत नाहीं. पुष्कळ थर्मोस्टॅटांस याचसाठीं एक बारीक छिद्र असतें. बसवितांना तें वरच्या बाजूस ठेवावयाचें असतें, पण घाईंत तिकडे कोण पाहतो?

जेथें हवा दडते तेथील धातूची उष्णता पाण्यांत उतरत नाहीं. तेथें वाफ धरते, ॲल्युमिनियमचें हेड वांकतें, गॅस्केट उडतें आणि कधीं कधीं पाणी तेलांत उतरून इंजिनच बसतें. यांत आणखी एक कपट असें कीं, उष्णता दाखविणारा कांटा पाण्याच्या स्पर्शावर चालतो. त्याच्या टोकापाशीं हवा असली तर इंजिन तापलें असतांही तो खालींच राहतो किंवा एकसारखा वरखालीं नाचतो. डॅशबोर्डमागें खळखळ ऐकूं आली, अथवा कांटा वर असतां हीटरमधून थंड वारा आला, तर हवेचा संशय घ्यावा.

अशा वेळीं थर्मोस्टॅटच काढून फेकण्याची जी चाल पडली आहे, तिचा आम्ही निषेध करतों. त्यामुळें इंजिनास योग्य ऊब येण्यास फार वेळ लागतो, इंधन अधिक जळतें, झीज वाढते, आणि मूळ दोष झांकला जातो.

हवा काढण्याची रीत अवघड नाहीं; तिला वेळ मात्र लागतो. इंजिन पूर्ण थंड असतांना गाडीचें तोंड चढाकडे करून ती उभी करावी, म्हणजे रेडिएटरचें तोंड उंच राहतें. हीटरची कळ पूर्ण गरमकडे फिरवावी. आपल्याकडे हीटर फारसा कोणी लावीत नाहीं, म्हणून मिस्त्रीही ही कळ विसरतो. कूलंट व शुद्ध केलेलें पाणी यांचें मिश्रण हळूहळू ओतावें. बोअरचें पाणी नको, त्याचे क्षार आंत धरतात. हवेचा स्क्रू असल्यास बुडबुडे थांबून सलग धार येईपर्यंत तो ढिला ठेवावा. मग झांकण न लावतां इंजिन मंद चालवावें, हात पंख्यापासून दूर ठेवून वरची जाड नळी अधूनमधून दाबावी व पातळी उतरेल तशी भर घालावी. नळी एकाएकीं गरम झाली कीं थर्मोस्टॅट उघडला असें समजावें. बुडबुडे थांबल्यावर झांकण लावावें आणि दुसऱ्या दिवशीं सकाळीं, इंजिन निवालें असतां, पातळी पुन्हां पाहावी. गाडीच्या पुस्तिकेंत निराळी रीत दिली असेल तर तीच पाळावी. बुडबुडे कांहीं केल्या थांबत नसतील, तर गॅस्केट तपासून घ्यावें.

तापलेल्या गाडीचें झांकण मात्र कोणीही उघडूं नये. आंत दाब असल्यामुळें पाणी शंभर अंशांवरही उकळत नाहीं. झांकण फिरवितांच दाब सुटतो व तेंच पाणी उसळून तोंडावर येतें.

काढलेलें कूलंट गोठ्याजवळ ओतूं नये. त्यांतील ग्लायकोल चवीस गोड पण विषारी असतें. जनावरें व कुत्रीं तें चाटतात आणि दगावतात.

आतां मिस्त्र्यांस दोष देणें सोपें आहे. पण आम्ही पाहतों तें असें कीं, मालक बाजाराच्या वेळेची घाई करीत गॅरेजच्या दारांत उभा असतो, आणि नळी बदलण्याच्या मजुरीवरही घासाघीस करतो. इंजिन तापून निवेपर्यंत थांबण्याच्या तासाचे पैसे कोणी देत नाहीं. मग तो तास मिस्त्री कोणाच्या हिशेबीं घालवील? वाहन आदल्या दिवशीं द्यावें, तें रात्रभर तेथेंच ठेवावें, आणि हवा काढण्याची मजुरी बिलांत निराळी लिहवून घेऊन ती निमूटपणें द्यावी. नोंदी करण्यांतच आमचें आयुष्य गेल्यामुळें एवढें अधिक सुचवितों कीं, पाणी बदलल्याची तारीख व दुसऱ्या सकाळची पातळी गाडीच्या वहींत टिपून ठेवावी. पुढें पातळी उतरूं लागली तर वाद तोंडीं करावा लागत नाहीं.

संघाच्या चालकांस आमची विनंति आहे कीं, ऊस व कांद्याची वाहतूक सुरू होण्यापूर्वीं एखादा जाणता मिस्त्री बोलावून सभासदांच्याच एका गाडीवर हें काम सर्वांदेखत करवून घ्यावें, आणि त्या दिवसाची त्याची मजुरी संघानें भरावी.