सायकलवाल्यांना हवी खडी, गावाला हवं डांबर. जोहे ते रोहा वाटेचा पेच काय?

जोहे (ता. पेण) : सुट्टीच्या दिवशी सकाळी मुंबई-गोवा महामार्गावर हमरापूर ते वडखळ पट्ट्यात हेल्मेट घातलेले सायकलवाले दिसणं आता नवीन राहिलेलं नाही. पण त्यांच्यात एक वेगळा प्रकार आहे. हे लोक महामार्ग सोडून आत वळतात आणि मुद्दाम कच्चा रस्ता शोधतात. चांगलं डांबर दिसलं की त्यांचा मूड जातो.

त्यांच्या सायकलीला ग्रॅव्हल सायकल म्हणतात. ग्रॅव्हल म्हणजे आपली खडी. हँडल रेसच्या सायकलीसारखं खाली वळलेलं, पण टायर जाड, साधारण 35 ते 50 मिलिमीटरचे. खडी, मुरूम, बैलगाडीची चाकोरी, कालव्याची कड, सगळीकडे चालते. किंमत मोटरसायकलएवढी, कधी जास्तच. एवढे पैसे घालून माणूस खड्ड्यात का जातो, याचं उत्तर सोपं आहे. कच्च्या रस्त्यावर ट्रक नसतो. 2011 पासून चौपदरीकरणाचं काम बघत आलेल्या माणसाला महामार्गावर सायकल का नको, हे वेगळं सांगायला नको.

या लोकांसाठी जोहे ते रोहा हा पट्टा म्हणजे तयार मैदान आहे. अंतर साधारण पन्नास किलोमीटर. पण तेवढ्यात पेणची भोगावती, नागोठण्याची अंबा आणि रोह्याची कुंडलिका अशी तीन नद्यांची खोरी लागतात, मध्ये डोंगर. सुरुवातीला जोहे-हमरापूरचे गणपतीचे कारखाने. पेणच्या पूर्वेला हेटवणे धरण आणि विनोबा भावे यांचं जन्मगाव गागोदे. नागोठण्यात अंबेवरचा सोळाव्या शतकातला दगडी पूल. भिसे खिंड उतरली की रोहा, धावीर महाराजांचं मंदिर, वर अवचितगड. परतायला रेल्वे आहेच. रोहा, निडी, नागोठणे, कासू, पेण, हमरापूर ही स्थानकं ओळीने आहेत. असा पट्टा मुंबईच्या एवढ्या जवळ दुसरीकडे शोधून सापडणार नाही.

मग अडचण कुठे आहे?

अडचण अशी की ज्या रस्त्याला शहरातला माणूस 'मस्त ऑफरोड' म्हणतो, त्याच रस्त्यासाठी गाव वर्षानुवर्षं निवेदनं देत असतं. पेण तालुक्यातल्या डोंगरावरच्या कातकरी आणि ठाकूर वाड्यांतून आजारी माणसाला झोळीत घालून खाली आणल्याच्या बातम्या वारंवार येतात. तिथला रस्ता पक्का व्हायलाच हवा. उद्या कोणी पर्यटनाच्या नावाखाली 'हा रस्ता आहे तसाच राहू द्या, सायकलवाल्यांना आवडतो' असं म्हणालं, तर ग्रामसभेने त्याला खाली बसवावं. यात मधला मार्ग नाही.

इटलीचं एक उदाहरण सायकलवाले नेहमी देतात. टस्कनी भागात गायोले इन कियांती नावाचं छोटं गाव आहे. तिथल्या पांढऱ्या खडीच्या जुन्या रस्त्यांवर डांबर पडू लागलं, तेव्हा ते रस्ते वाचावेत म्हणून 1997 मध्ये जुन्या सायकलींची 'लेरोइका' नावाची फेरी सुरू झाली. आज तिच्यासाठी जगभरातून हजारो लोक येतात, आणि 200 किलोमीटरहून लांब मार्ग पाट्या लावून कायमचा आखलेला आहे. उदाहरण चांगलं आहे, पण अर्धवट सांगितलं जातं. तिथल्या शेतकऱ्याच्या दारात गाडी होती, दवाखान्याला जायला पक्का रस्ता होता. खडीचे रस्ते राखणं त्याला परवडत होतं. आपल्या वाडीवरच्या माणसाला ते परवडत नाही.

उलट टोकाचं उदाहरण डोंगरापलीकडचं. जानेवारी 2026 मध्ये मुळशी, मावळसह पुणे जिल्ह्यात 437 किलोमीटरची 'पुणे ग्रँड टूर' ही आंतरराष्ट्रीय सायकल शर्यत झाली. शर्यत रोड सायकलची, त्यामुळे तिच्यासाठी रस्ते गुळगुळीत करून घेतले गेले. ग्रॅव्हलवाला मात्र गावाकडे नवा रस्ता मागतच नाही. म्हणूनच त्याचं स्वागत करणं सरकारला स्वस्त पडतं, आणि म्हणूनच गावाने सावध राहायला हवं.

खरं तर दोघांचं भागेल अशी जागा आहे. ती वाडीच्या रस्त्यावर नाही, पाणंदीवर आणि कालव्याच्या कडेला आहे. 2021 मध्ये राज्याने मातोश्री ग्रामसमृद्धी शेत-पाणंद रस्ते योजना आणली. पाणंद रस्ता म्हणजे शेतात ट्रॅक्टर नेण्यापुरती खडी-मुरमाची वाट. त्या वाटेवर डांबर हवं असा शेतकऱ्याचा हट्ट नसतो, चिखल नको एवढंच. सायकलवाल्यालाही नेमकी तीच वाट हवी. तसंच कुंडलिकेवर डोलवहाळ बंधाऱ्यातून निघणाऱ्या कालव्यांचं. कालव्याच्या कडेची वाट सपाट, सावलीची, वाहनं तुरळक. ती नीट राहिली तर पाणी शेवटच्या शेतापर्यंत पोचतं का, हे बघायलाही सोपं. पण ही वाट जलसंपदा विभागाची, डोंगरातली वन विभागाची. विचारल्याशिवाय पाट्या ठोकता येणार नाहीत.

खारेपाटात मात्र सांभाळून. खारबंदिस्तीचे बांध वरून सपाट दिसतात, फोटोही सुंदर येतो. पण तो रस्ता नव्हे. मातीचा बांध आहे तो. उधाणाच्या भरतीला खांड गेली की खारं पाणी शेतात शिरतं आणि पुढची काही वर्षं भात होत नाही. एकट्या सायकलीने बांध फुटत नाही हे खरं. पण सायकलची वाट पडली की मागून मोटरसायकल येते, मग जीप. हेटवणेच्या लाभक्षेत्रातल्या 22 गावांनी 2008 मध्ये सेझच्या प्रश्नावर जनमत दिलं, ते या जमिनीसाठी. ती जमीन बांधाच्या जिवावर आहे. बांधावरून मार्ग आखायचा की नाही, हे गाव आणि खारभूमी विभागाने ठरवायचं, मोबाइलवरच्या ॲपने नाही. आज नेमकं उलटं होतंय. एकजण सायकल घेऊन जातो, ॲपवर रेघ उमटते, दुसरा त्या रेघेमागे येतो. ती रेघ कोणाच्या बांधावरून गेली, हे कोणी विचारत नाही.

आता पैशाचं. कोलाडचं राफ्टिंग समोर आहे. मुळशीचं पाणी भिऱ्याला वीज करून कुंडलिकेत उतरतं, म्हणून तिथे पावसाळ्यानंतरही बोट चालते. नदीकाठी रिसॉर्ट उभी राहिली, गावातली पोरं गाईड झाली, हे चांगलंच. पण बरंचसं बुकिंग शहरात होतं. सायकलवाल्याचं गणित जरा वेगळं आहे. तो बोटीत बसत नाही, त्याला तिकीट नाही. तो दर वीस-पंचवीस किलोमीटरला थांबतो. पाणी, चहा, पोहे, केळी. पैसा थोडा, पण थेट टपरीवाल्याच्या आणि घरगुती खानावळीच्या हातात. मुक्काम केला तर खोली आणि भाकरी-मासळीचं जेवण.

जोह्यातल्या कारखानदाराला याचा उपयोग होईल का? थोडा. मूर्ती सायकलवर जात नाही, पण कारखाना बघितलेला माणूस पुढच्या वर्षी गणपती कुठून आणायचा ते ठरवतो, आणि मधला व्यापारी वगळून थेट गिऱ्हाईक मिळणं ही इथली जुनी गरज आहे. फक्त वेळ जपायला हवी. पावसाळ्यात डोंगर हिरवे झाले की सायकलवाल्यांचा लोंढा येतो, आणि त्याच दिवसांत इथल्या अरुंद रस्त्यांवर मूर्तींच्या टेम्पोंची रांग लागते. तेव्हा दारात चार सायकली आडव्या लावून फोटो काढणारे नकोच वाटणार. दिवाळीनंतर शाडूचं, साच्याचं काम निवांत चालतं, तेव्हा आले तर कोणी चहा पाजेल.

एक बारीक गोष्ट, पण फोन खिशात असलेल्या पंक्चरवाल्याने लक्षात ठेवावी अशी. या सायकलींच्या टायरला बऱ्याचदा निमुळता परदेशी वॉल्व्ह असतो, त्याला आपल्या पंपाची नळी बसत नाही. पितळेचा छोटा अडॅप्टर मिळतो, किंमत किरकोळ. हमरापूर, नागोठणे, भिसे खिंडीच्या पायथ्याला आणि रोह्याच्या अष्टमी पुलाजवळ असे चार अडॅप्टर ठेवले, तर रविवारी गिऱ्हाईक आपोआप थांबेल.