माणसेच मिळत नाहीत हो!

दिवाळीच्या तोंडावर आमच्या कुपवाडात दोन गाऱ्हाणी हटकून ऐकू येतात. एक तेलाच्या भावाचे, दुसरे, "हल्ली कामाला माणसेच मिळत नाहीत हो!" तेलाचे भाव काही माझ्या हाती नाहीत. दुसऱ्या गाऱ्हाण्याबद्दल मात्र स्पष्टच बोलतो. चिवड्याची चव थोडी बिघडली तर वाचकांनी क्षमा करावी.

औद्योगिक वसाहतीत एक फेरी मारा. फाटकाफाटकावर पाट्या दिसतील : 'टर्नर, फिटर, वेल्डर पाहिजेत. अनुभव तीन वर्षे.' हा अनुभव त्यांना द्यायचा कोणी? अर्थात शेजारच्या कारखान्याने! शिकलेला हात प्रत्येकाला हवा, शिकवण्याची उस्तवार मात्र दुसऱ्याच्या गळ्यात. मग चार पैसे जास्त देऊन शेजाऱ्याचा टर्नर पळवायचा, आणि आपला पळाला की 'निष्ठा उरली नाही' म्हणून कपाळ बडवायचे. शिकाऊ उमेदवारांचा कायदा १९६१ सालचा आहे. पण कित्येक ठिकाणी शिकाऊ पोरगा म्हणजे चहा आणणारा आणि लेथखालचा लोखंडाचा कीस झाडणारा स्वस्त गडी!

याच जिल्ह्यात १९१० साली लक्ष्मणराव किर्लोस्करांनी कुंडलच्या माळावर कारखाना मांडला. तेव्हा तयार फिटर कोणत्या झाडाला लागले होते? नांगर धरणाऱ्या आसपासच्या हातांनाच नांगर घडवायला शिकवावे लागले.

परंतु कारखानदारांना झोडपून आपण घरात बसलेले सुटत नाही. दुकानात बाराशेचा नळ आपण मुकाट्याने घेतो. तो बसवणाऱ्याने तीनशे मागितले की आपली जीभ सुटते. "दहा मिनिटांचे तर काम!" अहो, ती दहा मिनिटे शिकायला त्याची दहा वर्षे गेली, त्याचे काय?

आणि सोयरीक? आमच्या नात्यातल्या एका मुलीला वसाहतीतल्या टर्नरचे स्थळ आले होते. मुलगा निर्व्यसनी, कमाई चांगली. मुलगी राजी होती. बैठकीत कोणीतरी त्याच्या नखांतल्या काळ्या तेलाकडे पाहिले आणि स्थळ मोडले. एका पतपेढीतल्या कारकुनाला मुलगी दिली. त्याचा पगार याच्या निम्मा. त्या बैठकीत मीही होतो. चहा प्यायलो आणि गप्प बसलो. ते मला अजून डाचते.

त्या टर्नरने पुढे स्वतःचे दोन लेथ टाकले. दोन पोरे हाताखाली शिकताहेत, आणि ती चहा आणीत नाहीत. परवा मुलीच्या वडिलांच्या मळ्यातल्या मोटारीचा दांडा तुटला. ऊस वाळू लागला, चार ठिकाणी हेलपाटे झाले, शेवटी मला मध्ये घालून ते त्याच्याच दारात उभे राहिले. त्याने दांडा हातात फिरवून पाहिला, "बसा काका," म्हणाला, आणि पोराला मोजमाप घ्यायला लावले.

काका त्याच्या हातांकडे बघत होते. नखे अजून तशीच काळी होती.