विश्लेषण : ‘हॅकर’ हा शब्द माध्यमांनी बदनाम केला का?

हॅकर म्हणजे चोर नव्हे, यंत्र आतून कसे चालते याचा छडा लावणारा माणूस. शब्द बिघडवला तो वृत्तपत्रांनी, अशी तक्रार संगणक क्षेत्रातील मंडळी अनेक वर्षे करत आहेत. विद्यार्थ्यांच्याच एका वृत्तपत्राचा १९६३चा अंक मात्र वेगळे सांगतो.

शब्द आला कुठून?

इंग्रजीत ‘हॅक’ म्हणजे घाव घालून तोडणे. अमेरिकेतील ‘एमआयटी’ या तंत्रशिक्षण संस्थेत त्याला नवा अर्थ मिळाला. तेथे रेल्वेच्या प्रतिकृती चालवणारा विद्यार्थ्यांचा ‘टेक मॉडेल रेलरोड क्लब’ होता. त्याच्या एप्रिल १९५५च्या बैठकीच्या नोंदीत एक सूचना आहे : विजेच्या यंत्रणेवर काम किंवा ‘हॅकिंग’ करणाऱ्यांनी फ्यूज उडू नये म्हणून वीज बंद करावी. येथे गुन्ह्याचा वास नाही. आहे ती फक्त खटपट.

१९६३ मध्ये काय छापून आले?

‘द टेक’ हे एमआयटीच्या विद्यार्थ्यांचे वृत्तपत्र १८८१ पासून निघते. २० नोव्हेंबर १९६३च्या अंकात टेलिफोन ‘हॅकरां’ची बातमी आली. त्यांनी एमआयटी आणि शेजारच्या हार्वर्ड विद्यापीठाला जोडणाऱ्या फोनलाइन अडवल्या होत्या. दूरच्या कॉलचे बिल एका रडार केंद्राच्या नावावर टाकले होते. बाहेरची लाइन शोधण्यासाठी पीडीपी-१ हा संगणकही जुंपला होता. परिणामी संस्थेतील फोनसेवेवर निर्बंध आले आणि भुर्दंड इतरांना पडला. गैरवापराच्या अर्थाने ‘हॅकर’ छापल्याच्या सर्वांत जुन्या ज्ञात नोंदींत ही बातमी मोजली जाते.

मग दोष कोणाचा?

१९८३च्या ‘वॉरगेम्स’ चित्रपटानंतर हॅकरची वाईट प्रतिमा घरोघरी पोहोचली, हे खरे. पण तिचा उगम बाहेरच्या पत्रकारांत नाही. दोन्ही अर्थ एकाच कॅम्पसवर वाढले. कौशल्य आणि कुतूहल दोन्हीकडे सारखेच. फरक एवढाच, की यंत्र कोणाचे आणि बिल कोणाच्या माथी. म्हणून ‘मूळ शुद्ध अर्था’चा आग्रह इतिहासाला धरून नाही.

आपल्याकडे काय?

भारताच्या माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० मधील कलम ६६ चे शीर्षकच ‘हॅकिंग’चे होते. २००८च्या दुरुस्तीत तो शब्द वगळून ‘संगणकाशी संबंधित गुन्हे’ असे व्यापक शीर्षक आले. मराठी बातम्यांत मात्र सगळेच ‘हॅक’ होते. फोनवरच्या भामट्याला खातेदाराने स्वतः ओटीपी सांगितला, तरी बातमी ‘खाते हॅक’ अशीच. त्यातून वाचकाला वाटते, कोणी तरी अतिहुशार माणसाने कुलूप फोडले, आपल्या हातात काहीच नव्हते. प्रत्यक्षात किल्ली मागून घेतलेली असते, आणि ती न देणे हाच बचाव असतो.

‘द टेक’च्या बातमीने शब्द वापरलाच, पण तेवढ्यावर भागवले नाही. कोणती लाइन, कोणाचे बिल, कोणते यंत्र, हेही सांगितले. आजच्या बातमीने निदान एवढे करावे : ‘हॅक’ लिहिण्याआधी नेमके काय घडले, ते लिहावे.