अवजारांचा कारागीर आणि हिशेबनीस

आयबीएमच्या ‘सिस्टीम/३६०’ संगणकाची उभारणी सांभाळणारे फ्रेडरिक ब्रुक्स यांनी १९६४ साली अमेरिकेतील नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठात संगणकशास्त्राचा विभाग स्थापन केला. संगणकतज्ज्ञ म्हणजे इतर शास्त्रज्ञांची अवजारे घडविणारा कारागीर, अशी त्यांची धारणा. १९६७ मध्ये त्यांनी जे काम आरंभिले, ते आज ‘आभासी वास्तव’ म्हणून ओळखले जाते. रसायनशास्त्रज्ञाने पडद्यावरील औषधाचा रेणू यांत्रिक हाताने धरून प्रथिनाच्या खाचेत बसवावा आणि अणूंमधील ओढ व विरोध त्याच्या हाताला जाणवावा, ही ती कल्पना. त्यासाठी किरणोत्सर्गी द्रव्ये हाताळण्याकरिता बनविलेला यांत्रिक हात उपयोगात आणला गेला. कल्पनेत उणे नव्हते. संगणकच मंद होते. त्यामुळे पूर्ण प्रयोगाचा वृत्तांत प्रसिद्ध व्हावयास १९९० साल उजाडले!

लाभही डोळे दिपविणारा नव्हता. काम सुमारे दुपटीने सुधारले, इतकेच. ‘यासाठी सरकारी पैसा?’ हा हिशेबनिसाचा प्रश्न म्हणून मूर्खपणाचा ठरत नाही. परंतु ज्याचे फळ सर्वांना मिळते, पण किंमत एकालाही वसूल करता येत नाही, अशा कामासाठी खाजगी भांडवल तेवीस वर्षे थांबत नसते. आपल्याकडील संशोधन-अनुदाने बहुधा तीन वर्षांची असतात. १९७१ मध्ये ब्रुक्स यांच्यापाशी दाखविण्यासारखा होता तो द्विमितीतील एक प्राथमिक प्रयोग.