नाताळच्या झाडाचा जानेवारी

डिसेंबर उजाडला की क्रॉफर्ड मार्केटच्या गल्ल्यांत आणि वांद्र्याच्या हिल रोडवर हिरवी प्लास्टिकची झाडं फुटांच्या भावाने विकली जाऊ लागतात. दोन फुटी, चार फुटी, सहा फुटी. काहींच्या फांद्यांवर पांढरा थर असतो. मुंबईच्या घामट हवेत तो बर्फ कोणाला आठवतो, देव जाणे. खोक्यावरच्या चित्रात झाड भरगच्च असतं. घरी उघडून उभं केलं की मधला लोखंडी दांडा वरपासून खालपर्यंत दिसतो. मुरलेलं गिऱ्हाईक म्हणूनच खोकं घेत नाही. दुकानदाराला झाड उभं करून दाखवायला लावतं आणि एक फांदी दोन बोटांच्या चिमटीत धरून हलकेच ओढतं. हिरवा चुरा हाताला लागला की मुक्काम पुढच्या दुकानात.

एवढी पारख करणारी माणसंही एक प्रश्न मात्र विचारत नाहीत: सण संपल्यावर या झाडाचं काय करायचं? हौसेबद्दल तक्रार नाही. पुण्या-ठाण्याच्या बिगरख्रिस्ती घरांतही शाळकरी पोरांच्या हट्टापायी झाड येतं, आणि येऊ द्यावं. पण सगळा विचार २५ डिसेंबरपाशी थांबतो. ६ जानेवारीला तीन राजांचा सण होतो, चांदण्या उतरतात आणि झाड खोलीत अडचण होऊन बसतं. निवड करायची तर ती या दिवसापासून उलटी मोजत करायला हवी.

प्लास्टिकच्या झाडाचा हिशेब ब्रिटनच्या ‘कार्बन ट्रस्ट’ने मांडून ठेवला आहे. साधारण दोन मीटर उंचीच्या कृत्रिम झाडामागे सुमारे ४० किलो कार्बन उत्सर्जन होतं. तेवढंच खरं झाड सणानंतर कचराभूमीत कुजलं तर १६ किलो, आणि त्याचा भुगा करून बागेत पसरला किंवा ते जाळलं तर साडेतीन किलोच्या आसपास. म्हणजे प्लास्टिकचं झाड निदान दहा-बारा नाताळ चालवलं तरच परवडलं म्हणायचं. ज्यांच्या माळ्यावर असं झाड आधीपासून पडून आहे, त्यांनी ते खुशाल काढावं, पुसावं, विरळ बाजू भिंतीकडे फिरवून उभं करावं. पर्यावरणाच्या नावाखाली ते टाकून नवं आणणं हा शुद्ध वेडेपणा. वाईट सवय आहे ती दर दोन-तीन वर्षांनी नवं, आधीच्यापेक्षा फूटभर उंच झाड घेण्याची. तारेवर पीव्हीसी गुंडाळलेलं जुनं धूड भंगारवालाही सहसा घेत नाही.

मग खरं झाड बरं, असा निष्कर्ष परदेशी लेख वाचून काढला जातो. इथेच गफलत होते. न्यू जर्सीतलं मराठी कुटुंब गाडी काढून शेतावर जातं आणि पसंतीचं झाड कापून टपावर बांधून आणतं, तेव्हा ते जंगल तोडत नसतं. तिथे ते पीक आहे. सहा-सात फुटांचं झाड तयार व्हायला सात ते दहा वर्षं लागतात, आणि कापलेल्याच्या जागी शेतकरी नवी रोपं लावतो. आपल्याकडे अशी शेती नाही. आपल्याकडे होता सुरू.

वसईत आणि गोव्यात कित्येक घरांचं नाताळचं झाड म्हणजे किनाऱ्यावरून आणलेली सुरूची फांदी. वाळू भरलेल्या डब्यात ती रोवायची, कापसाचे पुंजके चिकटवायचे, शेजारी गाईचा गोठा मांडायचा. खर्च जवळपास शून्य. सुरूही तसा पाहुणाच. भारतात त्याची लागवड १८६८मध्ये कारवारकडे सुरू झाली. पण आज ती फांदी आणा, असं सांगता येणार नाही. किनाऱ्यावरचा सुरू वारा आणि वाळू अडवायला लावलेला आहे, आणि वसईच्या किनाऱ्यावर लाटांनी जमीन खाल्ल्यामुळे तो आधीच उन्मळून पडतो आहे. शिवाय महाराष्ट्राच्या शहरी हद्दीत १९७५चा वृक्ष संरक्षण कायदा लागू आहे. झाडाला इजा करणंही त्याच्या कक्षेत येतं.

उरते ती नर्सरी. पुण्याजवळ उरुळी कांचनच्या परिसरात रोपवाटिकांची रांगच आहे, आणि ‘ख्रिसमस ट्री’ म्हटलं की तिथला माणूस बहुधा अरोकेरिया पुढे करतो. त्याच्या दोन जाती मुख्य: एक नॉरफॉक बेटावरची, दुसरी न्यू कॅलेडोनियातली. कॅप्टन कुकने दोन्ही ठिकाणं १७७४च्या एकाच सफरीत गाठली होती. घेताना उंचीपेक्षा शेंडा पाहावा. शेंडा मोडलेला असेल तर बाजूची फांदी त्याची जागा घेऊन तसाच सरळ वाढत नाही, झाडाचा घाट कायमचा बिघडतो. खालच्या फांद्याही तपासाव्यात, कारण वाळून गळालेली फांदी त्या जागी पुन्हा येत नाही. एकाच पिशवीत दोन-तीन रोपं कोंबून भरगच्चपणा आणला असेल तर ते सोडून द्यावं. आणि हे झाड घरात दहा-बारा दिवसांवर ठेवू नये. खिडकीजवळ, एसीच्या झोतापासून दूर, माती ओलसर राहील इतपत पाणी, अंगावर एलईडीची हलकी माळ. चांदणी शेंड्याला टांगायची नाही, मागे काठी रोवून तिला बांधायची.

ज्यांच्याकडे बाल्कनी लहान आणि खिसाही बेताचा, त्यांनी मोरपंखीचा विचार करायला हरकत नाही. विद्या येते म्हणून जिची डहाळी पोरं वहीत ठेवतात, तीच. थोडी छाटली की छान निमुळती होते, ऊन सोसते आणि वर्षभर दारात शोभते.

अरोकेरियाची मोठी परीक्षा कुंडी पुरेनाशी झाल्यावर. तेव्हा ते सोसायटीच्या कुंपणाशी नेऊन लावण्याची लाट येते, आणि दोन इमारतींच्या मधल्या बोळात लावलेली झाडं पाहून धडकी भरते. मूळ बेटांवर ही झाडं दीडशे फुटांच्या वर जातात. एखाद्या चर्चच्या किंवा शाळेच्या मोकळ्या आवारात एकच झाड लावून दरवर्षी सगळ्यांनी मिळून तेच सजवावं, हा जास्त शहाणा मार्ग. फक्त न्यू कॅलेडोनियाची जात असेल तर जागा निवडताना दक्षिणेकडची बाजू मोकळी ठेवावी. २०१७मध्ये संशोधकांनी पाच खंडांवरची २५६ झाडं मोजली, तेव्हा ती सरासरी साडेआठ अंशांनी विषुववृत्ताकडे कललेली निघाली.