झेलणारे आणि राबणारे
पानातला हरितद्रव्याचा प्रत्येक रेणू स्वतःच अन्न शिजवतो, असा समज शाळेपासून मनात बसलेला असतो. रॉबर्ट इमर्सन आणि विल्यम अर्नोल्ड यांनी क्लोरेला या हिरव्या शेवाळावर प्रकाशाचे क्षणिक झोत टाकले आणि १९३२ साली भलताच हिशेब मांडला: ऑक्सिजनच्या एका रेणूमागे हरितद्रव्याचे सुमारे २,५०० रेणू! म्हणजे बहुतेक रेणू फक्त ऊन झेलतात आणि रांगेतून घागरी पुढे द्याव्यात तशी ती ऊर्जा प्रत्यक्ष राबणाऱ्या मोजक्या रेणूंकडे, म्हणजे अभिक्रिया केंद्राकडे सरकवतात. खरी करामत मला वाटते ती पुढची. भर दुपारी ऊन झेपेनासे झाले, की हीच यंत्रणा जादा ऊर्जा उष्णता म्हणून सोडून देते. नाहीतर पान आतून पोळेल. या अंकातला मुख्य लेख त्यावरच आहे. सावकाश वाचा, शंका जरूर कळवा.